आवतन

सुरेंद्र वाढईनं बैलजोडी विकून कॉम्प्युटर घेतला, तेव्हा नागभीडच्या स्टेशन रोडवर त्याला शहाणा म्हणणारा एक माणूस सापडला नाही. बायको कुंता तर महिनाभर त्याच्याशी धड बोललीच नाही. बोलली तेव्हा एवढंच बोलली, "बैल इकून डब्बा आनला. आता डब्ब्याले जुपा नांगराले!"

पण तो तरी काय करणार? पुढं एसटीडी बूथ, मागं घर, बाजूला गोठा, असा सगळा संसार. मोबाईल आले आणि बूथवर माश्या बसायला लागल्या. धानाची बांधी ठोक्यानं दुसऱ्याला कसायला दिलेली, बैल नुसते खाऊन उभे. कॉम्प्युटर आणला तर कॉलेजची पोरं तरी येतील, असा त्याचा हिशोब. पोरं आली, निकाल बघून गेली. उरला सुरेंद्र आणि तो डबा. रिकाम्या दुपारी इंटरनेटवर बोटं चालवता चालवता हा गडी एका भलत्याच जागी जाऊन पोचला.

'पडवी' नाव त्या जागेचं. जगभर पांगलेली मराठी माणसं तिथं येऊन बसायची, म्हणजे लिहायची. कोणी मस्कतला, कोणी इंदूरला, कोणी जर्मनीत. सण आला की शुभेच्छांचा नुसता पाऊस. दिवाळीला पडद्यावर दिवे हलायचे, ईदला चंद्र चमकायचा, नाताळात घंटा हलायच्या. सुरेंद्र आ वासून बघत राहायचा. कुठला कोण जर्मनीतला माणूस, आणि तो नागभीडच्या वाढईला तीळगूळ देतो! अरे बाप्पा! याच्या डोळ्यात पाणी यायचं खरं, पण लिहायची वेळ आली की हात आखडायचा. ती माणसं बोलणार छापील, आपली बोली ही अशी. तो आपला 'तुमालेबी' एवढं लिहून मोकळा व्हायचा. खाली बूथचा फोन नंबर मात्र न चुकता. धंदा तो धंदा.

"दिसत नाई, भेटत नाई, ते मैतर कायचे?" कुंता विचारायची.

त्या वर्षी पोळ्याच्या आदल्या संध्याकाळी तो सवयीनं गोठ्यात गेला. एका हातात हळद कालवलेलं तूप, दुसऱ्या हातात पळसाची पानं. बैलांचे खांदे मळायचे आणि कानाशी वाकून म्हणायचं, आज आवतन घ्या, उद्या जेवाले या. बाप म्हणायचा, आजा म्हणायचा. आत गेला आणि मग त्याच्या लक्षात आलं, बैल आहेत कुठं? खुंट्याला दोरसुद्धा नव्हता. आवतन तोंडापर्यंत आलेलं, ते गिळायचं कसं? माणसाला रडू येतं ते अशाच वेळी, आणि आलंही.

तसाच हात पुसून तो बूथमध्ये गेला आणि 'पडवी'वर आपल्या बोलीत, काही न लपवता लिहून टाकलं: 'उद्या आमचा पोळा. जोडी इकली, गोठा खाली हाये. म्हून तुमाले सांगतो. आज आवतन घ्या, उद्या जेवाले या. पाव्हने जेवल्याबिगर आमच्या घरी कोनी जेवत नाई.'

लिहिलं आणि हलकं वाटलं. घरात येऊन हसत हसत बायकोला सांगितलं. कुंताच्या हातातली डाळ हातातच राहिली.

"अजी, आवतन देल्लं? आवतन? खेळ हाय का हा?"

"अवं, ते का येऊन राह्यले का इथी?"

"येवोत का नाई येवोत. आवतन देल्लं आन् पाव्हना उपाशी राह्यला, तं घराचं काय भलं होईन? बैलाले कधी असं केलं का तुमच्या बापानं?"

झालं! गंमत म्हणून केलेलं काम नाहीच ते, हे त्यालाही आतून माहीत होतं. दुसऱ्या दिवशी कुंतानं पुरण घातलं, वडे तळले, कढी केली. दारची शेजारीण डोकावून विचारते, "काऊन व, बैल तं नाई, कोनासाठी इतकं?" कुंता म्हणे, "पाव्हने हायेत." शेजारणीनं अंगणभर नजर फिरवली आणि तोंडाला पदर लावून निघून गेली.

सुरेंद्रनं सकाळी 'पडवी' उघडून बघितली, तर एक उत्तर नाही. चिटपाखरू नाही! पुन्हा बघावं म्हणेपर्यंत लाईट गेली. त्या काळी आमच्याकडे लाईट गेली की पाहुण्यासारखी कधीतरीच यायची. तो डोकं धरून बसला. आपण आपलं मन उघडं केलं आणि त्या लोकांनी तोंड फिरवलं, वरून घरात चूल पेटून दोघं उपाशी. भूक सोसवते हो, हसं सोसवत नाही.

उन्हं कलली. गावात तोरणाखाली जोड्या उभ्या राहिल्या, झडत्या, म्हणजे पोळ्याची गाणी, ऐकू यायला लागल्या. आणि बूथमधला फोन खणखणला.

"सुरेंद्रभाऊ? मी श्रावण ठोंबरे, मस्कतवरनं. अहो, कुठं गायब झालात? सगळी ताटं वाढून बसल्यात!"

"कोन बसलं?"

"पडवी बसलीय की! यजमानानं बसा म्हटल्याबिगर कोण घास उचलतंय? दुपारपास्नं तुमची वाट बघतोय. जीव जायची वेळ आली."

सुरेंद्रनं कसंबसं कुंताला हाक मारली आणि रिसीव्हर तिच्या कानाला लावला. ही बाई फोनवर आजपर्यंत भावाशिवाय कोणाशी बोललेली नाही. तिनं आधी डोक्यावर पदर घेतला आणि मग मोठ्यानं, अंगणातल्या पंगतीला ऐकू जावं तसं म्हणाली, "बसा जी समदे! पोटभर जेवा! लाजू नोका!"

"लिहितो, वहिनी, असंच्या असं लिहितो," मस्कत म्हणालं.

दिवेलागणीला लाईट आली. कुंतानं पहिल्यांदाच त्या डब्यासमोर खुर्ची ओढली. आणि काय सांगू, पानंच्या पानं भरलेली! फोटो वरून खाली हळूहळू उतरायचे. आधी भिंत, मग माणसाचं डोकं, मग ताट. इंदूरचं म्हातारं जोडपं वरणभात घेऊन बसलेलं. खरगपूरच्या होस्टेलातला पोरगा मेसची थाळी घेऊन. जर्मनीवाल्याच्या लेकीनं कणकेचा बैल केलेला, शिंगं वाकडी, आणि त्याच्यापुढं पावाचा तुकडा. "माय व," कुंता प्रत्येक फोटोला म्हणत होती, "माय व, एवढी मानसं!" तिचा हात सुरेंद्रच्या खांद्यावर कधी आला ते तिलाही कळलं नाही.

"चाला," सुरेंद्र म्हणाला, "जेवले समदे. आता आपन जेवू."

"समदे?"

हा माणूस खोटं बोलायला शिकला नाही, हीच त्याची पंचाईत. "एक राह्यली. नंदिनी म्हून हाये कोनी, क्यानडात. पन ते कधी लिवतच नाई. निस्ती येते, वाचते, जाते. खाली नाव दिसते तिचं."

"काल वाचलं का तिनं?"

"नाव तं दिसत होतं."

"मंग तिले आवतन पोचलं," कुंता म्हणाली आणि खुर्चीत आणखी घट्ट बसली.

आता काय बोलता? सुरेंद्रनं मुकाट्यानं तसं लिहिलं, की एक पान राहिलं आहे म्हणून घरधनीण जेवत नाही. आणि 'पडवी'त एकच हलकल्लोळ माजला. 'नंदिनीताई, कुठे आहात?' 'नंदिनी, अहो, दोन माणसं उपाशी आहेत तुमच्यासाठी.' जिचा शब्द कोणी कधी वाचला नव्हता, तिला मस्कत शोधतंय, इंदूर शोधतंय.

पोळा फुटून बैल घरोघर गेले, ओवाळणीच्या घंटा थांबल्या. पुरण गार झालं. आणि खाली ते नाव उमटलं. बराच वेळ नुसतंच नाव. मग अक्षरं आली.

'मी नंदिनी. काल वाचलं होतं. मला वाटलं, आवतन बोलणाऱ्या माणसांना असेल. मी इथल्या दवाखान्यात रात्रपाळी करते, आत्ता घरी आले. एकटीच असते. मला कोणी मोजलं असेल, असं वाटलं नव्हतं.'

सुरेंद्रनं वाचून दाखवलं. कुंता पदरानं डोळे पुसत म्हणाली, "लिवा तिले. म्हना, बाई, मोजलं तुले. जे असन घरात ते वाढून घे आन् बस. मी हाओ इथी."

'ब्रेड आहे आणि उकडलेलं अंडं,' तिकडून आलं. 'बसते, वहिनी.'

मग कोणीच काही लिहिलं नाही. सगळी पडवी एका बाईचं जेवण होईस्तोवर गप्प बसून राहिली. सातासमुद्रापल्याड ती जेवत होती आणि कुंता पडद्याकडे अशी बघत होती, जणू समोर पाटावर लेक बसली आहे.

'जेवले,' अक्षरं उमटली.

"इचारा," कुंता म्हणाली, "पोट भरलं का म्हना."

'भरलं.'

"मंग उठा आता," ती सुरेंद्रला म्हणाली. "पानं घेतो. मलेबी भूक लागली हाये."