खोबरेल थिजेपर्यंत

तंबूत झोपायला हवा कशी असावी, यावर आम्हा दोन जावांचं भांडण दोन महिने चाललं होतं. तोवर आमच्यापैकी एकीनंही तंबूत एक रात्र काढलेली नव्हती. पण आवेश असा, की ऐकणाऱ्याला वाटावं, या दोघी कालच हिमालयातून उतरल्यात.

आम्ही माण गावच्या. जमिनी गेल्या, कंपन्या आल्या, आणि आमच्या घरामागं भाड्याच्या खोल्यांचे तीन मजले उभे राहिले. त्यातल्या दुसऱ्या मजल्यावर कॉम्प्युटरच्या कंपनीतली एक मुलगी राहते. दर शनिवारी पाठीला पिशवी लावून ती डोंगरात जाते. एका सोमवारी तिनं आपला केशरी तंबू वाळवायला म्हणून गच्चीवर उभा करून ठेवला होता. मी पापड काढायला वर गेले आणि तो पाहून मला काय झालं कोण जाणे. पंचेचाळीस वर्षांची बाई मी, वाकले, आत शिरले आणि मांडी घालून बसले. धुणं घेऊन आलेल्या माझ्या थोरल्या जाऊबाईनं मला बाहेर काढलेल्या चपलांवरून ओळखलं.

“आत आनखी एकीला जागा हाय का?” तिनं विचारलं. होती. ती पण आली.

तिला मी आक्का म्हणते. लग्नानंतर पहिली दोन वर्षं मी तिला अहोजाहो करायचे. मग एकदा भांडणात ‘तू’ निघालं ते निघालंच. त्याला आता वीस वर्षं झाली.

त्या केशरी उजेडात बसून आक्का म्हणाली, “मला एक रात गाढ झोपायचंय गं. थंडगार हवेत. बाकी काय बी नको.”

मला माहीत होतं ती का म्हणतेय. पाळी जाताना काही बायकांच्या अंगातून जाळ निघतो, तसा तिच्या निघत होता आणि त्याला तीन वर्षं होत आली होती. भाकरी थापता थापता एकदम मान, गळा, कपाळ घामानं निथळायचं. दिवसा ती पदरानं वारा घेऊन वेळ मारून न्यायची. रात्री पंखा लावायची सोय नाही, कारण वाऱ्यानं थोरल्या दिरांची छाती भरते. खिडकी उघडायची सोय नाही, कारण मागच्या गटारावरचे डास. डॉक्टरीणबाई म्हणाल्या, होतं असं, जाईल. झोप मात्र तुकड्या-तुकड्यानं, फाटक्या गोधडीसारखी. तरी सकाळी आमच्या सगळ्यांच्या आधी तीच उठलेली असायची. मी त्याच क्षणी ठरवलं की हिला एक रात्र तंबूत न्यायचं म्हणजे न्यायचं. घर, नवरे, पोरं, भाडेकरू, सगळं सोडून आम्ही दोघी. असं काही आम्ही जन्मात केलं नव्हतं.

सासूबाईंना सांगितलं तेव्हा त्यांनी हातातलं सूप खाली ठेवलं. मग म्हणाल्या, “लोकांस्नी खोल्या भाड्यानं देऊन तुमी कापडात झोपणार व्हय?” पण नाही म्हणाल्या नाहीत. एकच अट घातली, की जायचं ते आक्काच्या माहेरी, तिच्या भावाच्या शेतात, घरापासून हाकेच्या अंतरावर. पौडच्या पुढं, धरणाच्या अंगाला तिचं गाव आहे. भात काढून झालं होतं. खाचरं रिकामी होती. हौसेला मोल नाही म्हणतात, आम्हाला तर जागाही फुकट होती.

अडलं ते हवेवर.

मला वारा लागतो. घोटावड्याला माझ्या माहेरचं घर उघड्या माळावर होतं. रात्रभर कौलं खुळखुळायची, त्याशिवाय मला झोपच लागायची नाही. माणला आल्यावर चारी बाजूंनी इमारती उठल्या आणि माझा वारा गेला तो गेलाच. तंबू म्हटल्याबरोबर मला पहिल्यांदा तेच दिसलं, कापड फडफडतंय आणि मी आत चार गोधड्यांत गुडूप. कारण थंडी मला बिलकूल सोसत नाही, दसऱ्यापासून माझ्या कानाला मफलर असतो. आक्काला हे ऐकून हसूच यायचं. म्हणायची, “म्हंजी पोहायचं, पर भिजायचं न्हाई.”

तिला थंडी हवी होती. साधी नव्हे, दात वाजवणारी. आणि वारा तिला नकोच होता. तिच्या मते वारा असला की थंडी नुसती अंगावरून पळते, मुरत नाही. “वारा पडला की थंडी खाली उतरती,” हे तिचं पालुपद. मी म्हणायचे, वारा पडला तर घरात आणि तंबूत फरक काय राहिला? ती म्हणायची, तुला तंबूत झोपायचंय का पतंग उडवायचाय?

मार्गशीर्षात एकदा सगळं जमून आलं होतं. बोचकी बांधली होती, आणि सकाळी पाहते तर आभाळ भरलेलं. थंडी कुठल्या कुठं पळाली. वारा मात्र सुरेख सुटला होता, त्यामुळे मी एका पायावर तयार. आक्कानं बोचकं सोडलं. “ढगाखाली घामानं भिजायला मी तितवर कशाला येऊ? ती गरमी हितं बी हाय.” माझा इतका संताप झाला की तीन दिवस मी तिच्याशी मिठामसाल्यापुरतंच बोलले. चौथ्या दिवशी माझीच मला लाज वाटली. रात्र तिची होती, आणि मी तिला माझी हवा गळ्यात बांधत होते.

मग भाडेकरू मुलगी मध्ये पडली. मोबाइलवर तिला पुढच्या आठ दिवसांची हवा दिसते. ती रोज जिन्यावरून सांगायची, आज इतकी, उद्या तितकी. आक्काचा त्या मोबाइलवर काडीचा विश्वास नव्हता. तिनं खोबरेल तेलाची बाटली मागच्या खिडकीच्या कट्ट्यावर ठेवली होती. रोज पहाटे ती बाटली उलटी करून पाहायची. वरवर साय धरली, तर म्हणायची, अजून कच्ची हाय. अर्धी थिजली, तर म्हणायची, वाट बघा. हळूहळू घरच सगळं त्या बाटलीच्या नादाला लागलं. माझे हे दात घासता घासता विचारायचे, “तेल काय म्हणतंय?” सासूबाई आम्हाला हसत होत्या, पण एका सकाळी मी त्यांनाच बाटली उजेडाला धरून बघताना पकडलं. पौषात सलग तीन दिवस तेल बुडापर्यंत पांढरंफटक थिजलं, उलटी केली तरी थेंब हलेना. तिसऱ्या दिवशी आक्का स्वयंपाकघराच्या दारात उभी राहून नुसतं म्हणाली, “चला.”

स्कूटर मी चालवली. मागं आक्का, तिच्या मांडीवर त्या मुलीनं दिलेला तंबू, पायाशी गोधड्यांचं गाठोडं, आणि गाठोड्याच्या तळाशी मी गुपचूप घातलेली निळी ताडपत्री. घोटावड्यावरून पौड रस्त्याला लागलो, कासार आंबोलीचे बंगले मागं पडले, आणि आम्ही दोघी विनाकारण हसायला लागलो. कशाला हसतोय ते सांगता आलं नसतं. एकदा तर मला इतकं हसू आलं की गाडी कडेला घ्यावी लागली.

आक्काचा भाऊ बांधावर उभाच होता. त्यानं तंबूकडे पाहिलं, बहिणीकडे पाहिलं. “घरात खाट हाय की गं. भांडून आलीस का?”

“न्हाई रं, झोपाया आलोय,” आक्का म्हणाली. तो पेंढा आणायला गेला.

जागेवरून शेवटची चकमक झडली. मला वरचा माळ हवा होता. आक्कानं सरळ सगळ्यात खालचं खाचर दाखवलं. रात्रीची थंडी पाण्यासारखी उताराला लागते आणि तळाच्या खाचरात साठते, हे तिला लहानपणापासून ठाऊक होतं. रबीच्या वालाला पाणी द्यायला पहाटे ती अनवाणी तिथं उतरायची. मी मुकाट्यानं ऐकलं. मोबाइलवर त्या मुलीनं करून ठेवलेला व्हिडिओ तीनदा बघून आम्ही तंबू उभा केला. दोन काठ्या उलट्या बसल्या आणि दार बांधाकडे गेलं, पण उभा राहिला. खाली बोटभर पेंढा, वर गोधड्या. मी चारी बाजूंनी फिरून त्याच्याकडे बघतच राहिले.

मग मी ताडपत्री काढली.

आम्ही निघताना ती मुलगी बजावून म्हणाली होती, काकू, वरची जाळी झाकू नका, तंबूला श्वास लागतो. कापडाला कसला आलाय श्वास, असं मी मनात म्हटलं होतं. आम्ही शेतकऱ्याच्या घरच्या बायका. उघड्यावर काही दिसलं की झाकायचं. पेंढ्याची गंजी झाकतात तसा मी तो तंबू वरपासून जमिनीपर्यंत झाकला आणि दोरीनं करकचून आवळला. आक्काला सांगितलं, दव पडेल म्हणून. खरं कारण माझी हुडहुडी होती. तिनंही जन्मभर गंज्या झाकल्या होत्या, तिला त्यात काही वावगं वाटलं नाही. उलट म्हणाली, “गाठ बेस मारलीस.”

सूर्य डोंगराआड गेला तसा वारा सुटला. ताडपत्री फडफडली, मला हर्षवायू व्हायचा बाकी राहिला. आम्ही बांधावर बसून भाकरी, ठेचा आणि वालाची आमटी खाल्ली. मी घोटावड्याच्या कौलांच्या गोष्टी सांगितल्या, एकीनंतर एक. आक्का वाट पाहत होती. बोलता बोलता तिनं हात वर केला, मला गप्प केलं आणि कान दिला. झाडावरची वांडरं गप्प झाली होती, पेंढ्याची काडी हलत नव्हती.

“वारा पडला,” ती म्हणाली. तिचा चेहरा लग्नातल्या पोरीसारखा झाला होता. “आता उतरंल बघ.”

आणि उतरली. पायाच्या बोटांपासून मला कळत होती. मी धावत तंबूत शिरले, चार गोधड्या ओढल्या, आणि आत कशी छान ऊब धरलीय म्हणून स्वतःवर खूश झाले. आक्का शेजारी पडली. मला वाटतं मी बोलत असतानाच झोपले.

गालावर थेंब पडला तेव्हा फटफटलं होतं. तंबूची आतली बाजू घामेजली होती, पाणी टपटपत होतं. हवा कोंदट, भिजल्या घोंगडीसारखी. मी शेजारी हात फिरवला. आक्का नव्हती. तिची गोधडी घडी घालून उशाला ठेवलेली होती, उशी ओलीचिंब.

तेव्हा मला सगळं कळलं. तिला थंडीत आणून मी तिच्यासाठी भट्टी तयार केली होती. दोन महिने ती ज्याची वाट बघत होती ते बाहेर उभं होतं, आणि मी त्याला गाठ मारून बाहेर ठेवलं होतं.

बाहेर धुकं इतकं, की बांध दिसेना. हाक मारली तर भाऊ धावत येणार, सगळी वाडी गोळा होणार. बिबट्याचं नाव मनात आलं आणि मी तशीच अनवाणी बाहेर पडले. तेवढ्यात खाचराच्या तळाकडून आवाज आला. घर्र, घर्र, थांबून पुन्हा घर्र.

आक्का उरलेल्या पेंढ्यावर उताणी पडली होती. ना पांघरूण, ना उशी. दोन्ही हात पसरलेले, तोंड उघडं, केसांवर आणि भुवयांवर दव. घोरत होती.

मी तिच्याजवळ उकिडवी बसले आणि बघत राहिले. बावीस वर्षं आम्ही एका छताखाली आहोत. तिला मी बाळंतपणात पाहिलंय, तापात पाहिलंय, वडील गेले तेव्हा पाहिलंय. झोपलेली कधी पाहिली नव्हती. घरात कुणीच पाहिली नसेल, कारण आम्ही झोपायचो तेव्हा ती जागी असायची आणि उठायचो तेव्हाही.

भाऊ चहाची किटली घेऊन आला. मी तोंडावर बोट ठेवलं. तो घाबरला. “आजारी हाय का?”

“न्हाई. झोपलीया.”

त्यानं वाकून पाहिलं आणि हसला. “अशीच झोपायची पोर असताना. शाळेला उठवाया पानी मारायला लागायचं हिला.” किटली ठेवून तो पाय न वाजवता गेला. मी मात्र ते एक वाक्य मनात घोळवत किती वेळ बसून राहिले.

ऊन डोंगरावर आलं. माझ्या कानाचे पार दगड झाले होते, तरी हे धुकं हलू नये असं मला वाटत होतं. आठ वाजून गेल्यावर तिनं डोळे उघडले आणि दचकून कोपरावर उठली.

“किती वाजलं?”

“सव्वाआठ.”

“आन मला कुनी उठवलं न्हाई?”

“न्हाई. आक्का, ताडपत्री मी माझ्या थंडीसाठी बांधली होती. दवासाठी नव्हे.”

“ठावं हाय,” ती म्हणाली. इकडंतिकडं पाहिलं, धुक्यात हात फिरवला. “कुनाचा काय फोन?”

“न्हाई.”

“मग ऱ्हाऊ दे,” असं म्हणून आक्का कुशीवर वळली आणि परत झोपली.