निष्काळजी बापाची सुनावणी

आमच्या भाऊजींइतका भित्रा बाप गोंदिया जिल्ह्यात दुसरा झाला नाही, आणि अशा माणसाला सरकारी कागदावर ‘निष्काळजी’ ठरवणंही फक्त सरकारलाच जमलं. भाऊजी म्हणजे माझ्या थोरल्या बहिणीचे यजमान. सालेकशाकडे जंगलाला लागून त्यांची धानाची शेती. लग्नानंतर बऱ्याच वर्षांनी मुलगी झाली आणि तेव्हापासून या माणसाने धड श्वास घेतला नाही. खाटेचे कोपरे रंधा मारून गोल केले. पोरगी पुढेमागे झाडावर चढेल म्हणून अंगणातल्या जांभळाच्या खालच्या फांद्या तोडल्या. पोरगी तेव्हा रांगतही नव्हती. तिचा दूधभात आधी स्वतः चाखत, आणि चटका बसत नाही याची खात्री पटेपर्यंत वाटी निम्मी होई. ती चालायला लागली तशी त्यांनी तिच्या कमरेला वासराची घंटी बांधली. बाहेर पडताना वर दोरी: एक टोक तिच्या कमरेला, दुसरं स्वतःच्या. “लोक काय म्हनतीन?” बहीण करवादायची. “लोकायची पोरगी हरपन का माही?” हे त्यांचं उत्तर.

लोकांनी शेवटी म्हटलंच. सालेकसा स्टेशनावर एका प्रवासी बाईंनी ही दोरी पाहिली आणि तक्रार केली. चौकशीला साहेब आले, तेव्हा बहीण धानाच्या रोवणीला शेतात गेली होती आणि सगळी उत्तरं भाऊजींनी दिली. “मुलीला बांधता?” “बांधतो ना.” “रोज?” “रोजच. एक दिवस सुटली तं?” झालं! मुलीला जनावरासारखं बांधणारा निष्काळजी बाप, असा अहवाल गेला आणि बालकल्याण समितीने मुलीला सौंदडला आमच्याकडे, आजीजवळ ठेवलं. बापाने भेटू नये असं कुणीही म्हटलं नव्हतं. तरी भाऊजी गोंदियाला गाडी बदलून यायचे आणि घरात न येता कुंपणाबाहेर उभे राहून विचारायचे, “दूध जास्त गरम तं नाही?” हसू यायचं, पण ते परत जायला निघाले की आई पदराने डोळे पुसायची.

समितीच्या कार्यालयातल्या बाबूने त्यांना एकदा बसवून घेतलं. “भाऊ, अहवाल मंजूर नही है तो बोलो ना! प्रत मागा, साक्षीदार घेऊन या. तुमची बाजू त्यायले ऐकावीच लागते.” भाऊजी चकित झाले. “बाजू मांडता येते? बायकोसमोर बी?”

सुनावणीला ते कमरेला तीच घंटी बांधून आले. आठवडाभर ती घालून झोपत होते, कुठे टोचत नाही हे सिद्ध करायला. अध्यक्षबाईंनी आधी ती काढायला लावली, मग विचारलं, “तुमचं म्हणणं काय?”

भाऊजी हात जोडून उभे राहिले. “बाई, दोरी चुकली. मले येडा लिहा, पागल लिहा. पन निष्काळजी नोका लिहू. दुसरं मी काईच करून नाही राहिलो आजवर, काळजीच करून राहिलो.”

बाईंनी मग मुलीला जवळ घेतलं. “बाबा तुला का बांधतात गं?”

“बाबा नाही बांधत,” ती म्हणाली, “मीच बाबाले बांधतो. तो भेते ना एकटा.”

सगळे हसले. भाऊजी हसले नाहीत. ते खाली बघत राहिले.

‘निष्काळजी’ हा शब्द खोडला गेला. दोरी-घंटी बंद, या अटीवर मुलगी घरी सोडली. भाऊजींनी निकाल पुन्हा एकदा वाचून घेतला.

परतताना गोंदिया स्टेशनावर मी सोबत होतो. मुलीने त्यांचा हात सोडला आणि फलाटावर पार टोकापर्यंत, इंजिन बघायला, पळत सुटली. भाऊजींनी दोन्ही हातांनी बाकडं घट्ट धरलं.

“हाक मारू का?” त्यांनी मला हळूच विचारलं.

“नको,” मी म्हणालो.

त्यांनी मारली नाही. ती लहान लहान होत गेली, आणि केस जिंकलेला तो बाप पापणी न हलवता तिच्याकडे बघत बसला.