भिंतीवरचा हिशेब

समस्त जनतेस अत्यंत गांभीर्याने कळवण्यात येते की, आमच्या घाटंजीच्या हॉटेलची अख्खी हिशेबवही एका भिंतीवर होती. ओल्या चुन्याचा वास आला की साठच्या दशकातली ती बाजाराची सकाळ अजून डोळ्यांपुढे उभी राहते.

भज्यांवर गर्दी तुटून पडायची, म्हणून बाबांनी चहा बंद करून दुसरी कढई मांडायचं ठरवलं. चहाची भट्टी विकत घेणारा दारात येऊन थांबला होता. नव्या थाटासाठी बाबा चुन्याचा कुंचला घेऊन निघाले, तर आई भिंतीला पाठ लावून उभी. तिथे तिने कोळशाने ओढलेल्या रेघा होत्या: तेल, बेसन, दूध, साखर, विक्री.

"आधी मोजा, मग पुसा," ती म्हणाली. "भजे गिऱ्हाईक आणतात, पण त्यायचा पैसा तेलातच जाते. घर चहावर चालून राह्यलं."

बाबांनी बोट फिरवत रेघा दोनदा मोजल्या. ते चिडले, असं मला तेव्हा वाटलं. आज वाटतं, इतक्या ऐटीत हरलेला माणूस मी पुन्हा पाहिला नाही. भट्टीवाल्याला त्यांनी हात जोडले आणि भजी खाणाऱ्यांकडे वळून म्हणाले, "चहा घेतल्याबिगर कोणी उठू नका गा, नाही तर भट्टीच्या जागी ही मलेच विकन."