शेंदूर लावलेली पाठ

तिकोणा पेठंतल्या शालूबाईला जन्मात कशाचं भ्या वाटलं न्हाई. भात लावताना पायाशी नाग निघाला, तर म्हणाली, "जा बाबा, तुझ्या वाटंनं." पर नातू झाला, अन् त्याच्या कमरंखाली बोटभर शेपूट दिसलं, तवा तिची बोबडीच वळली.

डागदर म्हणालं, "मोठ्या दवाखान्यात मशीनवर बघून घ्या. आत मणक्याला चिकटलं असंल तर पायातली ताकद जाती. उशीर करू नका."

पर तिचा मालक श्रीपती ऐकतोय व्हय! "मारुतीराया आलाय घरात. त्याला कापायचं? वंश बुडंल!"

शालूबाईलाबी वाटलं, खरंच शाप लागला तर?

शनवार उजाडला, अन् गावातल्या बाया तेल घेऊन दारात. कुणी नारळ फोडला, कुणी लेकराच्या पाठीला शेंदूर थापला. सून कोमल कोपऱ्यात मुसमुसत हुती.

तेवढ्यात शालूबाईच्या बहिणीचा ल्योक सुहास आला. हायस्कूलात मास्तर त्यो. म्हणाला, "काका, देवबिव काही नाही. कोट्यवधी वर्षांपूर्वी आपल्या पूर्वजांना शेपूट होतं. पोटातल्या बाळाला अजून येतं, अन् जातं. कधीतरी राहून जातं."

"तुझा आजा माकड असंल, माझा शेतकरी हुता!" श्रीपती उसळला. "मडकं आपोआप घडतं व्हय रं? कुंभार लागतो!"

"मग कुंभारानं मडक्याला शेपूट कशाला लावलं?"

"जा, इचार कुंभाराला!"

दोघं हातघाईवर आलं. शालूबाई वल्या फडक्यानं शेंदूर पुसत हुती. पुसता पुसता तिनं लेकराच्या तळपायाला गुदगुली केली. उजवा पाय चटदिशी वर गेला. डावा तसाच. परत केली. डावा गार, कापसावानी.

तिनं फडकं टाकलं.

"आवं, थांबा की!" ती किंचाळली. "शेपूट देवाचं का माकडाचं, मागनं भांडा. लेकराचा पाय हलंना झालाय!"

श्रीपतीनं पाय हातात घेतला. बोट फिरवलं. परत फिरवलं. मग लेकराला उचलून कोमलच्या वटीत दिलं.

"सुहास, गाडी काढ," एवढंच बोलला.

दवाखान्याच्या वाटंत मारुतीचं देऊळ लागलं. रोज तितं हात जोडणाऱ्या शालूबाईनं आज मान बी वर केली न्हाई.

"कोपला असंल का गं?" तिनं कोमलला हळूच इचारलं.

"आत्याबाई, पाय चोळा तुमी."

शालूबाई पाय चोळत ऱ्हायली. दर वळणाला ती डाव्या तळपायाला गुदगुली करायची, अन् श्वास रोखून वाट बघायची.