देवघरातली वही

आई गेली त्याला दोन महिने झाले. चौदाव्या दिवशी पाहुणे परतले आणि शुक्रवार पेठेतल्या घरात मी एकटी उरले. तिचं कपाट आवरताना एक गोष्ट मनातून जाईना.

आईने आपल्या वडिलांना कधी पाहिलं नव्हतं. आजोबा दुसऱ्या महायुद्धात पलटणीबरोबर परदेशी गेले तेव्हा ती पोटात होती. ते इटलीत युद्धकैदी झाले आणि तिथल्या छावणीतच आजाराने वारले. लढाई संपल्यावर पलटणीतले एक गृहस्थ माझ्या आजोळी सांगोल्याला आले आणि आजोबांची खिशात मावेल एवढी वही देऊन गेले.

अस्थी काही आल्या नव्हत्या. मग घरच्यांनी ती वहीच लाल फडक्यात बांधून देवघरात ठेवली. दसऱ्याला फडकं सोडायचं, वहीवर पाणी शिंपडायचं, हळदकुंकू वाहायचं, ओलं फूल ठेवायचं आणि पुन्हा बांधायचं. देवाची झालेली वस्तू चाळू नये, असं आजी म्हणे. तिच्यामागे मामाही तेच म्हणत राहिले.

आपल्या जन्माची बातमी वडिलांना कळली होती का, एवढंच आईला हवं होतं. तिच्याहून तीन वर्षांनी मोठे असलेले मामा दर भाऊबीजेला तिला सांगत, "कळलं होतं की. वहीत हाय." माझी सारी नोकरी ग्रंथालयात गेली. मी एकदा तिला म्हटलं, वहीच मागून बघू या. ती म्हणाली, दादा सांगतो तेवढं पुरे.

गेल्या आठवड्यात मी सांगोल्याला गेले आणि वही वाचायची आहे असं मामांना सांगितलं. त्यांनी डाळिंबाचा विषय काढला, मग टँकरचा, मग माझ्या गुडघ्यांचा. मी पुन्हा विचारलं.

"द्या की तिला," मामी आतून म्हणाल्या. "आंघोळ करून आलीय न्हवं?"



"पोरी, मी ती वाचलीच न्हाय कधी," मामा म्हणाले. "तुझ्या आईला सांगायचो ते माझ्या मनाचं. आत नसलं म्हंजे?"

मी म्हटलं, नसलं तर नाही म्हणून सांगेन. त्यांनी मान हलवली आणि स्वतः उठून वही आणून दिली.

पहिली दहाबारा पानं गेलेलीच होती. इतक्या वर्षांचं पाणी आणि कुंकू मुरून त्यांची एक तांबडी वडी झाली होती. ती सोडवायचा प्रयत्न मी केला नाही. अशा पानांना जोर लावला की तुकडे हातात येतात. त्यापुढची पानं मात्र सुटी होती. लिहिलेलं पेन्सिलीने, म्हणून टिकलं होतं. मी मोठ्याने वाचत गेले. मामा समोर भिंतीला टेकून बसले होते. थंडी, ब्लँकेट, कुणाच्या तरी बुटाची शिलाई, रेडक्रॉसचं पार्सल. मध्येच कुणाकडून तरी शिकलेले इटालियन आकडे, देवनागरीत. बरीचशी वही संपली तरी घराचा उल्लेख नव्हता. मामांनी विचारलं, अजून किती राहिलं? मी सांगितलं, थोडं आहे.

मग एका पानाच्या तळाशी ओळ होती: घरचे पत्र आले. मुलगी झाली. दोघी खुशाल.

मामांनी ती मला पुन्हा वाचायला लावली. नंतर वही हातात घेऊन त्या ओळीखाली बोट धरलं. त्यांना आता चष्म्यानेही बारीक दिसत नाही.

"मी सांगितलंच होतं तिला," ते म्हणाले.

मामींनी बाहेर येऊन विचारलं, काय निघालं? मामा वही माझ्याकडे देऊन पुढचं वाच म्हणाले. पुढच्या पानावर पावाबद्दल होतं, तो आज अर्धाच मिळाला म्हणून. मी वाचत राहिले.