जोमदार फांद्या ठेव

बाबांनी पलंगावर पडल्या पडल्या मला गुलाबाची छाटणी सांगितली आणि मी ती तंतोतंत केली. आयुष्यात इतक्या आज्ञाधारकपणे मी दुसरं काहीही केलेलं नाही. गुलाब त्यामुळेच मरायला टेकला.

धायरीत आमच्या रो-हाऊसपुढे जी चार हात माती आहे, ती आईची. कागदोपत्री माझी असेल, पण आईची. इथे राहायला आलो त्या वर्षी तिने एक गुलाब आणून लावला. गडद गुलाबी, फूल फार मोठं नाही, पण वास असा की दार उघडं राहिलं तर जिन्यापर्यंत यायचा. गुलाबाचे पाय उघडे दिसतात, बरं दिसत नाही, असं तिचं म्हणणं. म्हणून तिने बुंध्याभोवती सदाफुली लावली, तिच्यामागे शेवंती, कडेला गवती चहाचा गड्डा. एकदा लावलं की वर्षानुवर्षं पुन्हा बघायला नको, असलं सगळं. आईला जाऊन सहा वर्षं झाली. तेव्हापासून बाग बाबांची आणि त्यातला गुलाब तर जास्तच बाबांचा. मला गवती चहाची पात तोडायची मुभा होती, तीही कुठून तोडायची हे विचारून.

श्रावणात बाबा बाथरूममध्ये घसरले. खुब्याचं हाड मोडलं, ऑपरेशन झालं, आणि घरी आणून त्यांना वरच्या मजल्यावरच्या त्यांच्या खोलीत नेलं ते नेलंच. खाली उतरायचं नाव नाही. चौदा पायऱ्या, पण डॉक्टरांनी नको म्हटलं होतं. सकाळी त्यांचं अंग पुसायचं, गोळ्या द्यायच्या, वॉकर धरून खोलीत चार फेऱ्या मारवायच्या, मग माझी अंघोळ, मग बस, स्वारगेटला दुसरी बस, मग ऑफिस. आलो की हेच उलट्या क्रमाने. सगळ्याच्या शेवटी बाग. मी नळी हातात धरून उभ्या उभ्या पेंगायचो. एकदा बराच वेळ शेजाऱ्यांच्या स्कूटरला पाणी घातलं.

ऑक्टोबरात बाबा म्हणाले, "छाटणी राहिली."

"करतो."

"तू?" असं म्हणून ते पंख्याकडे बघत राहिले. मग म्हणाले, "ऐक. किरकोळ, मरतुकड्या फांद्या काढून टाक. जोमदार फांद्या ठेव. जमेल ना एवढं?"

न जमण्यासारखं त्यात काय होतं? खाली गेलो तर स्वच्छ दिसतच होतं. दोन फांद्या काळपट, काटकुळ्या. आणि सदाफुलीच्या गर्दीतून वर आलेले चार लांबलचक, पोपटी, तरतरीत फुटवे. नेमके कुठून आलेत ते दिसत नव्हतं, कारण आईने पाय झाकून ठेवले होते. मी काटकुळ्या फांद्या छाटल्या. जोमदार ठेवल्या.

त्यानंतर त्या फुटव्यांनी जी उंची घेतली! नोव्हेंबर संपेपर्यंत माझ्या डोक्याच्या वर. मी फोटो काढून नातेवाइकांच्या ग्रुपवर टाकला. बहिणीने लिहिलं, 'हाताला गुण आहे तुझ्या.' पन्नाशी उलटल्यावर हे पहिल्यांदाच कुणी म्हणत होतं. मी रोज वर जाऊन बाबांना सांगायचो, "आज अजून वाढलाय."

"कळी?"

"येईल."

डिसेंबरात गल्लीत सगळ्यांचे गुलाब फुलले. आमच्याकडे नुसती पानं. कीड असेल म्हणून एक डहाळी खिशात घालून मी रस्त्यावरच्या नर्सरीत गेलो. तिथल्या बाईंनी पान उलटंसुद्धा केलं नाही.

"साहेब, एका देठावरची पानं मोजा."

मोजली. सात.

"तुमच्या गुलाबाला पाच असतील. हा खुंट आहे. खाली रानटी गुलाबाचा खुंट असतो, त्यावर चांगल्याचा डोळा भरतात. खुंटाला फुटवे आले की ते लगेच काढायचे, नाहीतर सगळं खाणं तेच खातात. वरचं कलम कुठंय?"

"छाटलं," मी म्हणालो.

बाई दुसऱ्या गिऱ्हाइकाकडे वळल्या. ते बरं केलं त्यांनी.

म्हणजे आईचा गुलाब मी माझ्या हाताने कापून ओल्या कचऱ्याच्या बादलीत टाकला होता आणि दीड महिना भलत्याच झाडाला पाणी घालत होतो. घरी येऊन बायकोला सांगितलं. म्हटलं, तसलाच गुलाबी रंगाचा एक आणून लावतो, त्यांना काय कळतंय.

"रंगाचा आणाल हो," ती कणीक मळता मळता म्हणाली. "वासाचं काय करणार?"

पुढचे आठ दिवस मी वर "येईल, येईल" म्हणत राहिलो. खोटं बोलणं हेही एक वेगळंच श्रमाचं काम असतं, हे ऑफिसात इतकी वर्षं काढूनही मला माहीत नव्हतं. आणि मग फिजिओथेरपीच्या बाईंनी आनंदाने जाहीर केलं, "आजोबा, रविवारी जिना उतरायचा!" बाबांनी लगेच विचारलं, "खाली बागेत खुर्ची टाकता येईल?"

रविवारी आम्ही निघालो. बाबांचा एक हात कठड्यावर, एक माझ्या खांद्यावर. खाली गेल्यावर सांगू असं ठरवलं होतं. पाचव्या पायरीवरच तोंडातून निघालं.

"बाबा, मी कलम छाटलं. खाली उरलाय तो खुंट आहे."

बाबा थांबले. खांद्यावरच्या हाताचं वजन वाढलं.

"कात्री कुणी दिली तुला?"

"तुम्हीच सांगितलंत. जोमदार फांद्या ठेव म्हणालात."

"गुलाबाच्या!"

"तसं म्हणाला नव्हतात."

"बरोबर आहे. पन्नाशी उलटलेल्या माणसाला 'गुलाबाच्या' हेही सांगावं लागतं, हे माझ्या लक्षात आलं नाही. चुकलंच माझं."

"अहो," खालून बायको ओरडली, "भांडायचं ते खाली येऊन भांडा. पडाल दोघंही!"

उरलेल्या नऊ पायऱ्या आम्ही उतरलो. बाबा खुर्चीत बसले. त्या उंच, हिरव्यागार झाडाकडे त्यांनी एकदा पाहिलं आणि नजर काढून घेतली. आई गेली तेव्हाही त्यांचा चेहरा असा झालेला मी पाहिला नव्हता. तेव्हा करायला कामं होती.

मग म्हणाले, "सदाफुली बाजूला कर."

मी गुडघ्यांवर बसलो. सदाफुली दाबून धरली, शेवंती मागे सारली. मातीला लागून एक गाठ होती आणि गाठीच्या वर माझ्या छाटणीचे दोन खुंटके. फांद्या पार बुडापासून कापायला खूप खाली वाकावं लागलं असतं. त्या दिवशी वाकायचा कंटाळा आला म्हणून मी बोटभर तशाच सोडल्या होत्या. एक वाळून कोळसा झालेला. दुसऱ्यावर मुगाच्या दाण्याएवढा लालसर डोळा होता.

"आहे," मी म्हणालो. "बाबा, एक आहे."

"नीट बघ. काळा नाही ना?"

"लाल आहे."

"मग बघतोस काय? ते वरचं सगळं काढ. कापू नकोस, कापलं की पुन्हा फुटतं. मुळापासून ओरबाड."

मी ओरबाडलं. डोक्याच्या वर वाढलेले चारही फुटवे, ग्रुपवर वाहवा मिळवलेले, एकेक करून उपटून काढले. दोन्ही हात रक्ताळले. बाग एकदम बोडकी झाली. फाटकाशी थांबून शेजारच्या काकू म्हणाल्या, "काय हो, गुलाब काढलात?"

"नाही," बाबा म्हणाले. "आज लावला."

आता जानेवारी चालू आहे. त्या डोळ्याची चार बोटं फांदी झाली आहे. देठाला पाच पानं, बाबांनी स्वतः मोजली. कळीचं चिन्ह नाही. बाबा रोज उतरतात, वीस मिनिटं लागतात, माझी पहिली बस रोज चुकते. काल त्या एवढ्याशा फांदीवर मावा पडला. बाबांनी साबणाचं पाणी आणि जुना टूथब्रश मागवला. एकेक पान बोटावर घेऊन खालून पुसायचं, दाबायचं नाही. मी मातीत बसून पुसत होतो, ते खुर्चीतून राहिलेली पानं दाखवत होते. झाल्यावर त्यांनी उठायला हात पुढे केला आणि मीही केला. मी तर अजून खालीच बसलेला होतो. आम्ही दोघं तसेच थांबलो, आणि मग बायकोला हाक मारली.