नजरगहाणातले दिवे

ती घटना आठवली की आजही हसू येते, कारण खांद्यावर शाल आणि मांडीवर नारळ घेऊन, खुर्चीवर बसल्या बसल्या लावलेला माझ्या नोकरीतला तो एकमेव तपास होता.

मी तेव्हा कुरखेड्याच्या बाजूला एका ठाण्याचा प्रभारी होतो. पूर्व विदर्भातल्या आमच्या झाडीपट्टीत दिवाळीपासून होळीपर्यंत नाटकांचा हंगाम असतो. गावोगाव शामियाने पडतात, लेकी-जावई पाहुणे येतात, नाटकाच्या निमित्ताने सोयरिकी जुळतात. नाटक मंडळ्यांची वर्षाची कमाई या दिवसांतच होते. हंगाम हुकला की मंडळी पुढच्या दिवाळीपर्यंत उपाशी.

ऐन हंगामात एका सकाळी हजेरी चालू असताना एका फायनान्स कंपनीचा वसुली अधिकारी ठाण्यात आला. नागपूरचा तरुण, इस्त्रीचा शर्ट, बुटांवर आमच्या रस्त्याची धूळ.

"सर, चारशेवीस लावा," तो बसायच्या आधीच म्हणाला. कायद्यातल्या कलमांचे आकडे बदलले, पण लोक अजून चारशेवीसच लावतात.

हकिगत अशी होती. वडशाच्या एका नाटक मंडळीच्या मालकाने कंपनीच्या कर्जातून स्टेजचे दिवे, भोंगे आणि जनरेटर घेतले होते. हा माल कंपनीकडे नजरगहाण होता. म्हणजे माल वापरायचा कर्जदाराने, पण हप्ते थकले तर त्यावर पहिला हक्क कंपनीचा. मागच्या हंगामात मुख्य नटी आजारी पडली, गावांनी तारखा रद्द केल्या, मालकाला बयाणे परत करावे लागले आणि हप्ते थांबले. आता गोदाम रिकामे होते, फोन बंद होता आणि मालक बेपत्ता.

"बसा," मी म्हणालो. "पैसे न फेडणे हा गुन्हा नाही. त्यासाठी दिवाणी कोर्ट आहे. घेतानाच बुडवायचा इरादा असेल तर फसवणूक. गहाण माल परस्पर विकला असेल तर मात्र मी त्याला शोधून आणीन."

"विकलाच असणार, सर."

"असणार यावर मी बेड्या घालत नाही."

सगळा प्रश्न दिव्यांचा होता. ते विकले असतील तर मालक तुरुंगात जाणार, नसतील तर तो फक्त कर्जबाजारी माणूस. मी स्टेशन डायरीत नोंद घेतली आणि प्राथमिक चौकशी सुरू केली.

मालकाचे दुसरे मोठे धनको त्याच्याच मंडळीतले पेटीमास्तर होते. मंडळी मोडल्यावर ते दुसऱ्या मंडळीत पेटी वाजवत होते. मी त्यांना बोलावले. सत्तरीचे, पांढरी टोपी, बोटे बाकावर आपोआप चालत होती.

"मास्तर, तुमची तक्रार काय?"

"तक्रार नाई जी. घरावर टिना टाकाच्या होत्या, त्याचे पैसे होते. त्याले दिले."

"कागद केला होता?"

"कागद काऊन लागते साहेब? तो गात होता, मी वाजवत होतो."

मी कपाळाला हात लावला. कायद्याच्या रांगेत तारणवाला पुढे उभा असतो आणि विनातारण देणारा मागे. कंपनीने दिवे उचलून उन्हाळ्यात लिलाव केला असता तर भंगाराचा भाव आला असता. तिचेच पुरते फिटले नसते, मग मास्तरांच्या घरावर कवेलूंच्या, म्हणजे कौलांच्या, जागी पत्र्याच्या टिना कुठून येणार?

"तो कुठे आहे, मास्तर?"

"मले का माहीत जी? तुमीच मोठे साहेब. तुमाले नाई सापडला, मले कुठी सापडन?"

खोटे बोलणारा नजर चुकवतो असा लोकांचा समज आहे. माझा अनुभव वेगळा आहे. सवय नसलेला भला माणूस खोटे बोलताना एकदम अदबशीर होतो. मास्तर त्या दिवशी फारच अदबीने वागले. मी त्यांना चहा पाजून सोडले.

त्याच आठवड्यात ठाण्यात फोन आला. हवालदाराने निरोप सांगितला, "साहेब, कोणी म्हातारा होता. म्हणे, साहेबाले सांगा, उद्घाटन झालं का उठू नोका. शेवटलोक बसा." नंबर एका पानठेल्याचा निघाला.

इथे एक रिवाज सांगायला हवा. झाडीत प्रत्येक नाटकाला उद्घाटक लागतो. सरपंच, सभापती, ठाणेदार, जो मिळेल तो. हँडबिलावर त्याचे नाव नटीच्या नावापेक्षा मोठे असते. तो फीत कापतो, भाषण ठोकतो, शाल-नारळ घेतो आणि पहिला अंक संपायच्या आत जीपमध्ये बसतो. पुढचे नाटक पाहणारा उद्घाटक आजवर कोणी पाहिला नव्हता. आणि त्या शनिवारच्या हँडबिलावर उद्घाटक मी होतो.

मी फीत कापली, भाषण केले आणि बसलो. पहिला अंक झाला, मी बसलो. गावकरी कुजबुजू लागले. पडद्याआडून कोणीतरी दोनदा डोकावून गेले. "साहेब, गाडी लावू का?" आयोजकाने फार प्रेमाने विचारले. मी म्हटले, नाटक रंगात आहे.

तिसऱ्या अंकात एक म्हातारी आली. कमरेत वाकलेली, हातात काठी, मुलाने घराबाहेर काढलेली. ती गात रडू लागली आणि शामियानाभर पदर डोळ्यांना लागले. माझेही डोळे भरले, लपवत नाही. इतक्यात कोपऱ्यातला एक मोठा दिवा फडफडला. म्हातारी गाता गाता सरळ झाली, ताडताड चालत दिव्याजवळ गेली, त्याची पिन काढून पुसली, पुन्हा बसवली, दिव्याच्या पाठीवर हळूच थोपटले आणि परत येऊन वाकली. स्टेजपुढच्या खड्ड्यात बसलेल्या पेटीमास्तरांनी तेवढा वेळ एकच सूर धरून ठेवला होता. म्हातारीने तिथूनच रडणे उचलले.

भाड्याच्या दिव्याला कोणी असे थोपटत नाही. माझे दिवे सापडले, माणूसही सापडला.

उजाडताना मी रंगपटात गेलो. मालक लुगड्यातच बसला होता, मिशी भादरलेली, गालांवर रंग ओघळलेला.

"चला जी," तो म्हणाला. "फक्त लुगडं बदलू द्या. हे मंडळीचं आहे."

"दिवे विकलेस?"

"विकीन कसा? या मंडळीले भाड्यानं दिले. गोदामात ठेवून दिवे कमावतेत काय? भाडं आलं ते माह्या मंडळीतल्या नटी पोरींच्या, पडदेवाल्यांच्या थकल्या मजुरीत गेलं. कंपनीले सांगितलं असतं तर उचलून नेले असते."

"मग लपलास कशाला?"

त्याने दाराकडे पाहिले. दारात मास्तर उभे होते.

"या मास्तरायच्या टिनांपायी," तो म्हणाला. "तोंड दाखवता येत नव्हतं."

मास्तर आत आले. "बावा, तू रोज रात्री माह्यापासून चार हातांवर रडत होता. मी तुह्या आवाजाले वळखणार नाई? पण भेवानं आवाज बसून राह्यला होता तुहा. वसुलीवाल्यायनं धरण्यापरीस साहेबानं धरलेलं बरं. म्हून फोन केला."

मालकाने मास्तरांच्या पायांवर डोके ठेवले. मी बाहेर येऊन जीपच्या चालकाशी हवापाण्याच्या गप्पा मारत राहिलो.

गुन्हा दाखल झाला नाही. न विचारता माल भाड्याने देणे हा कराराचा भंग होता, तो दिवाणी मामला. पोलीस ठाणे म्हणजे वसुलीचे दुकान नव्हे, म्हणून मी सगळ्यांना लोकअदालतीची वाट दाखवली. तिथे ठरले की दिवे होळीपर्यंत जळत राहावेत, भाड्यातून आधी कंपनीचा हप्ता जावा आणि उरलेले बाकीच्या धनकोंमध्ये ज्याच्या त्याच्या रकमेच्या प्रमाणात वाटावे. नागपूरच्या तरुणाने लिलावाचा हिशेब मांडून पाहिला आणि सही केली. मास्तर रांगेत मागेच राहिले, पण रांग चालू राहिली.

पुढे बऱ्याच आर्थिक गुन्ह्यांच्या चौकशा मी केल्या. दरवेळी बेड्यांना हात घालण्याआधी एक गोष्ट पाहायला शिकलो. हा माणूस धनकोपासून पळतो आहे की त्याच्याच आसपास घुटमळतो आहे? पळणाऱ्याला मी पकडले. घुटमळणाऱ्याला बहुधा थोडा वेळच हवा असायचा.

दोन हंगामांनंतर पावसाळ्यात मास्तरांकडे चहाला गेलो. घरावर नव्या टिना होत्या आणि त्यांच्यावर पाऊस असा वाजत होता की आम्ही एकमेकांच्या कानात ओरडत होतो.

"कसे काय, मास्तर?" मी ओरडलो.

"पेटी ऐकू नाई येत जी," ते खुशीत ओरडले. "कवेलूच बरे होते."